मूलपेशी आणि राबाची भाजणी



या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, साहित्यिक येतात, क्वचित मंत्रीही येतात. आम्ही कामगार चळवळीतले. शाळा आम्हाला सातवीत सोडावी लागली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार आयुक्तांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा 'मूलपेशींचे उपचार' हा विषय आमच्या नावापुढे छापलेला पाहून कोणाला नवल वाटले असल्यास त्यात त्यांचा दोष नाही. पण हा विषय आम्ही शोधीत गेलो नव्हतो; तो आमच्या कचेरीत चालत आला. पगाराच्या पावत्या, बडतर्फीच्या नोटिसा, ग्रॅच्युइटीचे हिशेब यांच्या जोडीला हल्ली एक नवाच कागद आमच्या टेबलावर येऊन पडतो. गुळगुळीत, रंगीत, वर हसऱ्या म्हातारीचे चित्र, आणि खाली लिहिलेले असते की आमवात, मधुमेह, ल्युपस, कोड, अर्धांग, सगळ्यांवर इलाज एकच : मूलपेशी.

असा एक कागद घेऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले गृहस्थ आमच्याकडे आले. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला. पत्नीला आमवात, बोटांचे सांधे सुजून वाकडे होऊ लागलेले, सकाळी भाकरी थापता येईना. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याने तीन सुया सांगितल्या होत्या, एकेका सुईला दीड लाख. गृहस्थांनी पतपेढीचा कर्जाचा अर्ज भरूनच आणला होता आणि जामीनदार म्हणून त्यांना आमची सही हवी होती. सही करावी की करू नये, एवढ्या एका प्रश्नापायी आम्हाला जे वाचावे लागले आणि डॉक्टर मंडळींना जे विचारावे लागले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम रोग काय ते पाहू. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींचे पहारेकरी असतात. जंतू आला की त्याला ओळखायचे आणि मारायचे, ही त्यांची नोकरी. आपला कोण आणि परका कोण, याचे शिक्षण त्यांतल्या काहींना छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत मिळते. जे आपल्यांवरच धावून जातात त्यांना तेथेच काढून टाकले जाते. तरीही काही जण सुटून बाहेर येतात. अशांना दाबात ठेवण्यासाठी शरीराने निराळे मुकादम नेमलेले आहेत, हे जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवून दिले. आणि मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांसह त्यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुकादमाच्या कामाला नोबेल मिळाल्याचे ऐकून आमच्या सभासदांना फारसा आनंद झाला नाही, हेही नमूद करून ठेवतो.

हे मुकादम कमी पडले की पहारेकरी घरच्याच माणसांना झोडपू लागतात. सांध्यांच्या अस्तरावर ते उलटले तर आमवात. स्वादुपिंडात इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर उलटले तर बहुधा लहान वयात सुरू होणारा, पहिल्या प्रकारचा मधुमेह. मज्जातंतूंचे वेष्टण कुरतडले तर मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात माणूस तरुणपणीच पाय ओढू लागतो. कातडी आणि फुप्फुसे घट्ट करीत नेली तर स्क्लेरोडर्मा. आणि मूत्रपिंडापासून चेहऱ्यापर्यंत सगळीकडेच दंगा माजविला तर ल्युपस. यांना स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. ल्युपसच्या दहा रोग्यांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. बायकांचे दुखणे म्हणजे कामाची कुरकुर, असे समजण्याची जी रीत आपल्याकडे आहे, तिच्यामुळे ही दुखणी उंबऱ्याबाहेर पडायलाच फार उशीर होतो.

आता मूलपेशी. आपल्या हाडांच्या पोकळीत मगज असतो. रक्तातल्या तांबड्या, पांढऱ्या सर्व पेशी त्या मगजातल्या मोजक्या पेशींपासून जन्मतात, म्हणून त्या मूळच्या पेशी. टोरोंटोच्या टिल आणि मॅक्युलॉक या दोघांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांनी ही गोष्ट पक्की केली. त्याच्या थोडे आधी, १९५७ पासून, अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी एकाचा मगज दुसऱ्याला देण्याचे प्रयत्न चालविले होते. पहिली अनेक वर्षे त्यात अपयशच अधिक आले. १९९० साली त्यांना नोबेल मिळाले. हे सारे रक्ताच्या कर्करोगासाठी चाललेले होते. मौज अशी झाली की रक्ताच्या दुखण्याबरोबर ज्यांना आमवातही होता, अशा काही रोग्यांचे सांधे मगज बदलल्यानंतर निवळले. डॉक्टरांनी ते टिपून ठेवले, प्राण्यांवर पडताळून पाहिले, आणि १९९५ मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकी येथे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रोग्यांवर तो उपचार प्रथम केला गेला.

तो कसा करतात हे समजायला आपल्याला परदेशी जायला नको. येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या भावकीत याच दिवसांत राब भाजला जातो. कवळाचा पाला, शेण, गवत, वर बारीक मातीचा थर, आणि मग आग. ही आग कशासाठी? तणाचे बी जळावे म्हणून. आणि भाजणीच्या आगीपासून दूर, घरात कणगीत बियाणे राखून ठेवलेले असते. या उपचारात प्रथम रोग्याच्या मगजातल्या मूलपेशी औषध देऊन रक्तात उतरवितात, यंत्राने वेगळ्या करतात आणि गोठवून ठेवतात. हे कणगीतले बियाणे. मग सायक्लोफॉस्फामाइडसारखे जहाल औषध आणि सशापासून तयार केलेले एक प्रतिद्रव्य देऊन बिघडलेले पहारेकरी जाळून टाकतात. ही भाजणी. नंतर राखलेल्या पेशी शिरेवाटे परत सोडतात. दहापंधरा दिवसांत रक्त पुन्हा धरू लागते. नवे पहारेकरी सगळे नव्याने शिकतात. इतके, की लहानपणच्या लसीसुद्धा पुन्हा टोचून घ्याव्या लागतात.

आता आम्ही विचारतो, यात रोगावर चाल कोणी केली? भाजणीने केली. मूलपेशी आहेत त्या जळालेल्या जमिनीत पुन्हा पीक उभे राहावे म्हणून, माणूस त्या आगीतून जिवंत बाहेर यावा म्हणून. ही गोष्ट डॉक्टरांनी समजावून दिली तेव्हा त्या रंगीत पत्रकाचा अर्थ आम्हाला लागला. तीन सुयांच्या त्या योजनेत भाजणी नव्हतीच. तणाने माजलेल्या वाफ्यात मूठभर भात फेकावे आणि दीड लाख मागावेत, असा तो प्रकार.

बरे, खऱ्या भाजणीचा जाळ बांधाबाहेर जात नाही असेही नाही. युरोपात स्क्लेरोडर्माच्या १५६ रोग्यांवर जी चाचणी झाली, तिचा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रोग्यांना, म्हणजे ७९ जणांना, हा उपचार दिला होता आणि पहिल्या वर्षात त्यांतले ८ जण उपचारानेच दगावले. तरीही पुढच्या वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा नुसते औषध घेणाऱ्यांपेक्षा या बाजूचे अधिक लोक जगलेले निघाले. मल्टिपल स्क्लेरोसिसचा २०१९ चा अहवाल याहून आशादायक आहे : ५५ जणांना प्रत्यारोपण, ५५ जणांना औषधे, रोग पुढे सरकला तो प्रत्यारोपणवाल्यांत तिघांचा, औषधवाल्यांत ३४ जणांचा. मात्र त्या चाचणीत आजची काही सर्वांत प्रभावी औषधे तुलनेला नव्हती, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. शिवाय हा उपचार घेतलेल्यांना मूल होण्याची शक्यता घटते, महिनोन् महिने जंतूंची धास्ती राहते, आणि रोग उलटून येणारच नाही अशी हमी कोणीही देत नाही. आमवातावरही तो करून पाहिला होता. पुष्कळांचा आमवात परत आला, तोवर चांगली औषधे निघाली, आणि आज आमवातासाठी सहसा कोणी त्या वाटेला जात नाही.

न्यायाने एक गोष्ट बोलली पाहिजे. भाजणीवाचून काम करतील अशा दुसऱ्या जातीच्या पेशीही आहेत. त्या चरबीतून, मगजातून किंवा नाळेतून काढतात, त्यांना मेसेन्कायमल पेशी म्हणतात. माथेफिरू पहारेकऱ्यांना त्या शांत करतात असे प्रयोगशाळेत दिसते, आणि जगभर त्यांच्या रीतसर चाचण्या चालू आहेत. आपले सुईवाले याच पेशींचे नाव सांगतात. त्यांना आम्ही अलोफिसेलची गोष्ट सांगतो. क्रोन नावाच्या आतड्याच्या रोगात जे भगंदर होते, त्यावर चरबीतल्या पेशींचे हे औषध युरोपने २०१८ मध्ये मंजूर केले. पुढे ५६८ रोग्यांवर मोठी चाचणी झाली. पेशींची सुई घेतलेल्यांत शेकडा ४९ जणांना गुण आला. नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई घेतलेल्यांत शेकडा ४६ जणांना! २०२४ च्या डिसेंबरात ते औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतले गेले.

ही दुसरी संख्या आपण घरी घेऊन जावी असे आम्हाला वाटते. मिठाच्या पाण्याने शेकडा ४६. तेव्हा आपल्या आळीतला कोणी येऊन म्हणाला की 'सुई घेतली आणि मला बरे वाटले', तर तो खोटे बोलतो असे आम्ही म्हणणार नाही. त्याला बरे वाटलेच असेल. या रोगांचा स्वभावच भरती-ओहोटीचा आहे. माणूस दवाखाना गाठतो तो भरतीत, आणि ओहोटी तर कशीही लागायचीच असते.

मग खरे औषध ओळखावे कसे? हा प्रश्न महाडकरांना पडूच नये. लाल विंचवाने माणसे पटापट मरत होती त्या काळाची आठवण असलेले वडीलधारे येथे समोर बसलेले आहेत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले तेव्हा विंचूदंशाच्या गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. त्यांनी काय केले? रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवली. विष मारते ते हृदयावर घाला घालून, हे नोंदींवरून ताडले, आणि १९८३-८४ च्या सुमारास रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी वापरून पाहिली. किती आले, किती जगले, किती मेले, सगळे 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात उघड छापले, जगातल्या कोणीही तपासावे म्हणून. मृत्यू शेकड्याला एकाच्या आसपास आले. प्रतिविष आले तेव्हाही त्यांनी 'आमची गोळीच श्रेष्ठ' असा हट्ट धरला नाही. येथेच, महाडात, ७० रोग्यांवर दोन्ही रीतींची तुलना केली, गोळीच्या जोडीला प्रतिविष दिले तर रोगी लवकर सावरतो असे निघाले, आणि २०११ मध्ये तेही छापले. औषध खरे ठरते ते असे. ज्या गावाने हे डोळ्यांनी पाहिले, त्या गावाने हसऱ्या म्हातारीच्या चित्राला भुलावे, याचे आम्हाला वाईट वाटते.

कायदाही या बाबतीत मुका नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की मान्य रोगांवरचे मगज-प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा माणसावरील कोणताही वापर हा प्रयोग समजावा, आणि तो परवानगी घेऊन, रीतसर चाचणी म्हणूनच करावा. चाचणी असेल तर तिची नोंद सरकारच्या नोंदवहीत असते. २००९ पासून ती सक्तीची आहे. चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याचे बंधन २०१९ च्या नियमांनी घातले आहे. आणि १९५४ चा जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा जो केंद्रीय कायदा आहे, त्याच्या परिशिष्टातील रोगांत मधुमेह, संधिवात, ल्युपस आणि कोड ही चारही नावे आहेत. म्हणजे हे रोग बरे करतो अशी जाहिरात करणे हाच मुळात गुन्हा. पत्रक मात्र खुशाल वाटले जाते.

आम्ही त्या दवाखान्याला युनियनच्या छापील कागदावर चार ओळींचे पत्र लिहिले. आपल्या चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? कोणत्या नीतिसमितीने मान्यता दिली? आजवर किती रोग्यांना सुया दिल्या, वर्षानंतर त्यांची स्थिती काय, आणि ते कोठे छापले आहे? प्रयोग असेल तर रोग्याकडून पैसे कसे घेता? मालकांना पत्रे लिहिण्यात आमची तीस वर्षे गेली, त्यामुळे उत्तर कसे येईल याचा थोडा अंदाज असतो. लेखी उत्तर आलेच नाही. त्या गृहस्थांना फोन मात्र आला, की सुईमागे वीस हजारांची सूट देऊ. हे ऐकल्यावर त्यांनी कर्जाचा अर्ज आपल्या हाताने फाडला. आमच्यावर सहीची पाळीच आली नाही.

वहिनींना मग मुंबईच्या सरकारी रुग्णालयात सांध्यांच्या रोगांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांना मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू झाल्या. हे औषध जुने आहे, स्वस्त आहे, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर जिवावर बेतते, म्हणून गोळीचा वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, असे आम्ही प्रत्येक घराला सांगतो. रक्ताच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्या लागतात, आणि पोलादपूरहून मुंबईची खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. गुण यायला तीन महिने लागले. वाकडी झालेली दोन बोटे सरळ झाली नाहीत. सूज उतरली, भाकरी थापता येते.

याचा अर्थ नवे काही येणारच नाही असा मात्र नव्हे. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, हे या गावाला सांगायला नको. त्याच तारखेला, २० मार्च १९८३ रोजी, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात भारतातले पहिले मगज-प्रत्यारोपण झाले. रोगी नऊ वर्षांची मुलगी होती, आणि डॉक्टर होते लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर बसून काम करणारे सुरेश अडवाणी. आज टाटांचे ते प्रत्यारोपणाचे काम आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला चालते. तेथेच ४ जून २०२१ रोजी रोग्याच्या स्वतःच्या पहारेकरी पेशी बाहेर काढून, त्यांना नवी ओळख शिकवून परत सोडण्याचा उपचार देशात प्रथम झाला. आय.आय.टी. मुंबईत तयार झालेल्या या औषधाला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती काही रक्ताच्या कर्करोगांपुरती. त्याची किंमत परदेशातल्या किमतीच्या सुमारे दहावा हिस्सा. तरी तो दहावा हिस्सासुद्धा लाखांतच मोजावा लागतो.

याच जातीचा उपचार जर्मनीत एर्लांगेन येथील गेऑर्ग शेट यांच्या पथकाने २०२१ मध्ये ल्युपसच्या एका तरुणीवर केला. २०२४ च्या आरंभी त्यांनी १५ रोग्यांचा हिशेब छापला : आठ ल्युपसचे, चार स्क्लेरोडर्माचे, तीन स्नायूंच्या दाहाचे. पंधराही जणांची प्रतिकार दडपणारी औषधे बंद करता आली होती. येथेही आधी थोडी भाजणी करतातच. पण ती सबंध शेत न जाळता तणाचा पट्टा हेरून केल्यासारखी. पंधरा ही संख्या लहान आहे आणि वर्षेही अजून थोडी झाली आहेत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तर मूलपेशींपासून इन्सुलिन करणाऱ्या पेशीच घडवून यकृतात सोडतात. २०२५ च्या अहवालात अशा १२ रोग्यांपैकी १० जणांचे इन्सुलिन वर्षाअखेर सुटले होते. पण पहारेकऱ्यांनी त्या नव्या पेशी पुन्हा मारू नयेत म्हणून औषधे चालूच ठेवावी लागतात. येथे बियाणे उत्तम आहे. तणाचा बंदोबस्त व्हायचा आहे.

हे उपचार उद्या सिद्ध झाले तर त्यांचा खर्च कामगार विम्यातून होणार की पतपेढीच्या कर्जातून, हा प्रश्न आमच्या जुन्या ओळखीचा आहे आणि तो आम्ही योग्य दारात नेऊन ठेवू. तोवर फाटकाच्या आतले एक काम आमच्या हाती आहे. एडिंबरोच्या ब्रॅमवेल यांनी १९१४ मध्येच लिहून ठेवले की त्यांच्या स्क्लेरोडर्माच्या रोग्यांत पाथरवट फार. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत इरॅस्मस यांना १९५७ मध्ये तेच दिसले. गारेच्या दगडाची, म्हणजे सिलिकाची, बारीक धूळ फुप्फुसात गेली की फुप्फुसे तर निकामी होतातच, पण पहारेकरीही बिथरतात. काही द्रावकांच्या वाफेचेही तसेच आहे. आपला काळा पाषाण या बाबतीत बराच सौम्य, पण वाळूचा मारा करून लोखंड साफ करणारा आणि ओतशाळेत साचे फोडणारा कामगार सौम्य धुळीत काम करीत नाही. आणि विडी-सिगारेटने आमवाताचा धोका वाढतो, हे पक्के ठरलेले आहे. हे वाक्य आम्ही फाटकसभेत म्हणतो तेव्हा अर्धी सभा हातातली विडी पाठीमागे लपविते.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. एका भगिनीने विचारले आहे की बाळंतपणाच्या वेळी नाळेचे रक्त पेढीत ठेवण्यासाठी पैसे मागतात, ते ठेवावे का? मुलाला पुढे स्वतःच्या उपयोगी पडेल म्हणून ते पैसे देऊन साठविण्याला शास्त्रीय आधार नाही, असे वैद्यकीय संशोधन परिषदेनेच म्हटले आहे. फ्लोरिडात मधुमेही मुलांना त्यांचेच साठवलेले नाळेचे रक्त देऊन पाहिले, मधुमेह हटला नाही. थोरल्या भावंडाला थॅलेसेमियासारखा रक्ताचा रोग असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा धाकट्याच्या नाळेचे रक्त खरोखर कामी येऊ शकते, आणि ते डॉक्टर स्वतःच सांगतात.

दुसरी चिठ्ठी, गरोदरपणी मेथोट्रेक्सेट चालते का, अशी आहे. चालत नाही. मूल हवे असेल तर दिवस राहण्याच्या काही महिने आधीच डॉक्टरांना सांगून ते बदलून घ्यावे लागते, आणि त्याऐवजी घेता येतील अशी औषधे आहेत.